बातमी तुला कंडक्टरकडून कळली, त्याबद्दल

घाटंजी,
संक्रांतीनंतरचा सोमवार, २००६

ती. सौ. सुहासिनीमावशीस,

रुसलेल्या पायांना आभाचा नमस्कार. (पाय मागे घेऊ नकोस. मला सध्या वाकायची मनाई आहे, पुन्हा पुन्हा जमणार नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला गेला का? इकडे आम्ही सारे खुशाल आहोत, आणि माझा आवाज ऐकला की तू 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवतेस, हेही आता घरात सगळ्यांना ठाऊक झालं आहे.

म्हणून हे पत्र. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तू. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत माझ्या लग्नात तूच सासूबाईंना दोनदा ऐकवली होतीस. आणि भाचीला दिवस गेले हे तुला कळलं कोणाकडून, तर उमरखेड गाडीच्या किसनसिंग कंडक्टरकडून, भर स्टँडवर, काकांच्या दुकानासमोर. तुझा राग रास्त आहे. पण तू अशीच रुसून बसलीस तर मी जाऊ कुठं? तेव्हा आधी ऐकून घे.

तर झालं असं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं त्याच दिवशी सासूबाईंनी फर्मान काढलं की तिसरा महिना सरेपर्यंत कोणाला म्हणजे कोणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. घरात ठाऊक आम्हा तिघांनाच, मी, त्या आणि तुझे जावई. मामाजींनाही सांगितलं नाही, कारण सासूबाईंच्या मते सासऱ्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. (हे खरंच आहे. पाटबंधारे खात्यात असताना त्यांची स्वतःची बदली त्यांनी साहेबांच्या आधी सगळ्या ऑफिसाला सांगितली होती.)

आता हे लपवायचं कुठं, तर ज्या घरात बसायची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरली आहे तिथं. निवृत्तीनंतर मामाजींना शेतीचा नाद लागला. भाव आज वाढेल, उद्या वाढेल, म्हणून यंदाचा सगळा कापूस घरातच. पाहुणा आला की तो कापसाला टेकून चहा पितो आणि अंग खाजवत घरी जातो. मला त्या वासानं मळमळायचं. जवसाच्या तेलाची फोडणी बसली की मी पदर तोंडाला लावून मागच्या दारी पळायची आणि तुळशीला पाणी घालत असल्याचं दाखवायची. तुळस बिचारी सडायला आली.

त्या दिवशी सासूबाई आणि तुझे जावई बोरी अरबला एका बारशाला गेले होते. मी चोरून आणलेली चिंच खाल्ली (थोडी जास्तच झाली, कबूल) आणि जी उलटी सुरू झाली ती थांबेचना. मागच्या अंगणात फवारणीचा पंप ठेवतात त्या पत्र्याच्या टपराला धरून मी उभी. पायाशी औषधाचे रिकामे डबे. नेमकं तेव्हाच शेजारच्या कमरुन्निसाचाचींनी भिंतीवरून डोकावलं.

मावशी, आपल्याकडं हल्ली काय दिवस आले आहेत तुला ठाऊक आहे. या भागात आता माणूस ओकला की लोक आधी त्याचं तोंड हुंगतात. चाचींनी अशी हाळी दिली की अख्खी गल्ली भिंतीवरून आत आली. कोणी डबे हुंगतंय, कोणी माझे तळपाय चोळतंय, एकीनं तांब्याभर मिठाचं पाणी माझ्या घशात ओतलं. सगळे एकच विचारत होते, काय घेतलं? मी म्हणे चिंच. कोणी मानायला तयार नाही. खरं सांगावं तर तिसरा महिना सरलेला नाही आणि सासूबाईंची शपथ डोक्यावर. मी गप्प राहिले. माझ्या गप्प राहण्यानं त्यांची खात्रीच पटली.

चाचींच्या मुलानं, अफरोजनं, त्याच्या गॅरेजात दुरुस्तीला आलेली कोणाची तरी जीप काढली. मी मध्ये, भोवती गल्ली, आणि मागं लटकून आमच्याच गल्लीतला किसनसिंग, कारण तो ड्युटीवर निघालाच होता. मामाजी माझ्या पायाशी बसले होते. एवढा ऑफिसात दरारा असलेला माणूस, हात जोडून रडत होता. "बाई, तुले कापसाचा एवढा त्रास होऊन राह्यला होता तं मले सांगाचं ना. भाव गेला चुलीत. उद्याच काढतो घराबाहेर." त्या क्षणी मला इतकं भरून आलं की शपथ-बिपथ विसरून सांगणारच होते, तेवढ्यात मिठाच्या पाण्यानं आपलं काम केलं. त्यांच्याच धोतरावर.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला पाहिलं, गर्दी पाहिली आणि दारात उभं राहून सगळ्यांना सांगून टाकलं की अहो, ही गरोदर आहे. मग चाचींनी मला मिठी मारली आणि त्या जोरजोरात रडू लागल्या. मामाजींनी तशाच धोतरानं पेढे आणले. सगळे हसत होते आणि डोळे पुसत होते. मावशी, मला तेव्हा कळलं की ही माणसं किती घाबरून जगताहेत, आणि आपल्यासाठी किती जोरात धावतात. किसनसिंग मात्र थांबला नाही, त्याची गाडी सुटायची होती. पुढचं तुला माहीतच आहे.

सासूबाईंनी परत आल्यावर मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली, आणि मग माझ्या एकटीची काढून काय उपयोग म्हणून अख्ख्या गल्लीची काढली. मामाजींनी कापूस विकला. पुढच्या आठवड्यात भाव आणखी पडला, तेव्हापासून ते बाळाचा पायगुण साऱ्या घाटंजीला ऐकवत फिरताहेत. तिसरा महिना काल सरला. प्रवासाला हरकत नाही म्हणतात. तब्येतीस जप.

तुझीच,
आभा

ता. क. : एक लिहायचं राहिलं. मला कळलं त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला होता. सांगायचं नव्हतं, नुसता तुझा आवाज ऐकायचा होता, म्हणून अंबाडीची भाजी कशी करतात ते विचारलं. तू कृती सांगायची सोडून म्हणालीस, "उपाशी नको राहू, आणि विहिरीचं पाणी नको शेंदू." अंबाडीच्या भाजीत विहीर कुठून आली, मावशी? तुला तर घाटंजीच्याही आधी कळलं होतं. मग रुसलीस कायले?

ता. क. दुसरा : पाकिटावर तिकीट नाही हे पाहिलं असशीलच. शाई वेगळी आहे कारण हे तुझ्या ओट्यावर बसून लिहिते आहे. तुझे जावई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभे आहेत आणि कडी वाजवू का म्हणून विचारून राह्यले. मी म्हटलं थांबा, तिला आधी वाचू द्या. पत्र दाराखालून सरकवते. रुसलेलीच राहा हवं तर, पण दार उघड. मले भूक लागली.