आजोबांचं अर्धं गाणं

प्रिय आई,
लेकीचा दुरूनच नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा काय म्हणतोय?

आजोबा गेले तेव्हा येता आलं नाही, ही रुखरुख जात नाही. परवा मी काम करते त्या वृद्धाश्रमात एक आजी घासच घेईनात. मी आजोबांचं गाणं म्हटलं, तशा चार घास जेवल्या. मग म्हणाल्या, "पुढचं म्हण की!"

पुढचं मला येतच नव्हतं. आजोबा गाण्यात रंगले की दारात कुणीतरी अडलेलं यायचं. "उरलेलं आल्यावर हं," म्हणत ते पेटी मिटून निघायचे. परत येईपर्यंत मी झोपलेली असायचे.

बाबांना पुढचं येत असेल, तर फोनवर म्हणायला सांग. येत नसेल, तर मला कळवू नकोस.

तुझीच,
धाकटी