पेन्सिल न लावलेला फोटो

भाई,

गेल्या मंगळवारी माझा फोटो काढला. आपल्याच स्टुडिओत, डिचोलीला. माझ्या मुलीने काढला. आता कॅमेरा तिच्या हातात असतो आणि मी बहुतेक वेळ दिवे सरकवत असतो. या फोटोत मी दात दाखवून हसलो आहे. तुम्ही असता तर एवढं एक वाक्य पुरलं असतं, पुढचं तुम्ही ओळखलं असतं. पण तुम्हाला जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली, आणि मधे काय काय घडलं ते ज्याला सांगावं असं दुसरं माणूस मला सापडत नाही. म्हणून लिहायला बसलो.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. सावंतवाडीकडचा, मुळगावच्या खाणीवर ट्रकांच्या काट्यावर कारकून. तिथे सगळेच विडी ओढायचे. लाल धुळीत उभं राहून ट्रकची वाट बघायची तर हाताला काहीतरी लागतं, तशी मलाही लागली. ओळखपत्राचा फोटो काढायला तुमच्याकडे आलो आणि तुमचं काम बघत दोन तास तिथेच उभा राहिलो. तुम्ही जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात, तिरक्या काचेवर निगेटिव्ह ठेवून बसला होता. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, केस पांढरे आणि दात काळे. एका म्हाताऱ्या बाईच्या फिकट करड्या दिसणाऱ्या दातांवर तुम्ही टोकदार पेन्सिलीने काळं भरत होता. मी विचारलं, हे काय करता? तुम्ही मान वर न करता म्हणालात की बाई मिशरी लावतात, दात तपकिरी झालेत, इथे काळं केलं की कागदावर ते पांढरे येतात. दुसऱ्या महिन्यात मी खाण सोडली.

पोर्तुगीज गेल्यावर दोन-तीन वर्षांतच तुम्ही हा स्टुडिओ टाकला होता. लाटंबार्सेहून सायकलने यायचात. ना तंबाखू, ना पान. मला मात्र तुम्ही कधी विडी सोड म्हणाला नाहीत. एवढंच सांगितलंत की डार्करूममध्ये नको. तेवढंही मला जमलं नाही. पेडण्याच्या एका लग्नाचा रोल होता. मी आत, दार लावलेलं, काळोख. रोल उघडलेला, डबीत भरायचा होता, आणि हात आपोआप खिशात गेला. काडी पेटली तेव्हा मला कळलं. दोन क्षणांचा उजेड, पण उघड्या फिल्मवरचं सगळं लग्न त्यात जळून गेलं. मी तुम्हाला म्हणालो की रोल धुवायचं औषध खराब असावं. तुम्ही रोल उजेडाकडे धरून पाहिलात, नाकाशी नेलात, आणि गुंडाळून ठेवलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन पेडण्याला गेलात. नवऱ्याचे वडील काय काय बोलले ते मला अजून पाठ आहे, पण इथे लिहीत नाही. तुम्ही हात जोडून म्हणालात की चूक माझी, आणि मग त्यांना विनंती केलीत की नवरा-नवरीने पुन्हा एकदा नटावं. त्यांनी ऐकलं. अंगणात पुन्हा पाट मांडले, पुन्हा मुंडावळ्या, पुन्हा हार. पहिल्या दिवशी घाबरून बसलेली नवरी त्या दिवशी मोकळी हसत होती, स्वतःचं दुसऱ्यांदा लग्न लागतंय म्हणून. तुम्ही भराभर फोटो काढत होता आणि मी तुमच्या मागे दिवा धरून उभा होतो, माझी मान खाली. परतताना बस अस्नोड्याला पोचली. तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, “काळोखात ओढलेली विडी माणसाक दिसत नाय. फिल्मीक दिसता.” मी तिथेच विडी सोडायची शपथ घेतली. ती चार दिवस टिकली.

पुढे तुमची नजर मंदावली. स्टुडिओची किल्ली माझ्या हातात देण्याआधी तुम्ही मला पडद्यासमोर स्टुलावर बसवलंत. आज तुझो फोटो, म्हणालात. मी केस विंचरले, कॉलर सारखी केली. तुम्ही काळ्या कापडाखालून म्हणालात, “हस.” मी ओठ मिटून ताणले. तोवर माझे दात पुढून पिवळे आणि मागून काळे झाले होते, आणि तोंड मिटून हसायची मला इतकी सवय झाली होती की लग्नाच्या फोटोतही मी रागावल्यासारखा दिसतो, असं बायको म्हणते. निगेटिव्ह तयार झाली. तुम्ही भिंग डोळ्याला लावलंत, पेन्सिलीला टोक केलंत, आणि मग पेन्सिल बाजूला ठेवलीत.

“ह्या फोटोक मी पेन्सिल लावचंय नाय,” तुम्ही म्हणालात. “ह्यो अर्धो फोटो. रवलेलो अर्धो तू दी, जमतला तेव्हा.”

मला राग आला होता, भाई. परक्या बायकांचे दात तुम्ही तासन् तास बसून पांढरे करायचात आणि माझे तसेच सोडलेत. दोन पावसाळे गेले आणि तुम्हीही गेलात. राग राहिला, विडी जाऊन सिगारेट आली, रोल जाऊन कॉम्प्युटर आला. आता दात पांढरे करायला पेन्सिल लागत नाही, एक बटण दाबलं की पुरतं. मी गावातल्या अर्ध्या लोकांचे दात पांढरे केले असतील. स्वतः मात्र कॅमेऱ्यामागे राहिलो, तिथे कोणी बघत नाही.

मग केरीचं ते लग्न आलं. सकाळची वेळ, घरासमोर मांडव, पलीकडे समुद्राचा आवाज. नवरीची आई लेकीशेजारी उभी होती आणि दर वेळी पदर तोंडावर घेत होती. मी माझं नेहमीचं म्हटलं, आई, जरा हसा बघू. तिने पदराआडूनच उत्तर दिलं, “आधी तुमी हसून दाखवा. मगे मी हसतंय.”

सगळा मांडव हसला. मी सोडून. चाळीस वर्षं लोकांना हसा म्हणत आलो, उलट कोणी कधी मागितलं नव्हतं. कॅमेरा खाली घेतला, ओठ ताणले, आणि ते पुढे उघडेनात. त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. एका क्षणात तिने पदर सोडून दिला, जावंदे म्हणाली, आणि मिशरीने तपकिरी झालेले सगळे दात दाखवून लेकीच्या गळ्यात हात टाकून हसली. त्या अल्बममधला तो सगळ्यांत सुंदर फोटो आहे. मी त्यावर ते दात पांढरे करायचं बटण दाबलं नाही. मुलगी विचारायला आली तेव्हा तिला सांगितलं, ह्या फोटोला हात लावायचा नाही. ते बोलताना माझ्याच कानांना ते बोलणं तुमचं वाटलं, आणि जुना राग कुठे गेला ते समजलं नाही.

त्या दिवशी मी शूरासारखा लगेच सिगारेट फेकून दिली असं नाही. मांडवामागे जाऊन लागोपाठ दोन ओढल्या. पण पुढच्या सोमवारी सोडली. पहिला आठवडा घरातल्यांना विचारावा. मी गिऱ्हाइकांवर खेकसलो, जेवणाचं ताट सरकवून दिलं, एकच लेन्स दिवसातून दहादा पुसली. बायकोने खिशात भाजलेले चणे आणि सुक्या खोबऱ्याच्या कातळ्या भरून ठेवल्या. पाचव्या आठवड्यात एका ट्रकवाल्या मित्राकडे एक ओढलीच. घरी आलो तर बायकोने वासावरून ओळखलं. रागावली नाही. म्हणाली की पाच आठवडे काय कोणी चोरून नेले का, उद्यापासून पुढे चला. मी चाललो. त्यानंतर एकही नाही, भाई. एकही नाही. हे मी मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं.

सहा महिन्यांनी सकाळी पदेराची, पाववाल्याची, सायकल आली तेव्हा मला दारातूनच ताज्या पावाचा वास आला. तो वास जगात होता हेच मी विसरलो होतो. देवळाच्या पायऱ्या न थांबता चढलो. पण दात तसेच होते. मी कोणाला न सांगता लिंबू लावलं, मग कोळशाची पूड घासली, हिरड्या सोलून निघाल्या. शेवटी बायकोने हाताला धरून डिचोलीतल्याच दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण मुलगी आहे. आधी लिंबू आणि कोळशासाठी चांगलीच ओरडली, असं घासून दाताचं वरचं कवच जातं आणि ते पुन्हा येत नाही म्हणाली. मग सगळं तोंड तपासून म्हणाली, “काका, तुमचे दात मळलेत, कुजले नाहीत. मळ निघतो.”

मी त्या खुर्चीवर पडल्या पडल्या छताकडे बघत राहिलो. सगळं संपलंय असं धरून मी इतकी वर्षं तोंड मिटलं होतं.

दोन वेळा बसवून तिने मागची काळी पुटं काढली. मग दातांचा साचा घेऊन दातांवर बसणाऱ्या पातळ पारदर्शक खोळी केल्या. त्यांत दात उजळायचं औषध भरून दोन आठवडे रोज लावायच्या. चहा नको, हळद नको, आमसूल नको. हळदीशिवाय आमच्या घरात कालवण शिजत नाही. बायकोने ते मनावर घेतलं. पेज, उकडलेले मासे, नारळाच्या रसातला बटाटा, शहाळं. ताटात पांढऱ्याशिवाय रंग नाही. मुलगी म्हणाली, बाबा, जेवताय की व्हाइट बॅलन्स करताय? डॉक्टरकडे रंग मोजायला खोट्या दातांची एक ओळ असते, फिक्यापासून गडदपर्यंत. मी गडदच्या टोकाला होतो. शेवटच्या दिवशी तिने तो दात काढून बाजूला ठेवला, मग दुसरा, मग तिसरा, आणि फिक्याकडचा कितीतरी पुढचा एक माझ्या दाताला लावून म्हणाली, हा. सिनेमातल्यासारखे पांढरे नाहीत, तिने तसं आधीच सांगितलं होतं. माझे आहेत.

म्हणून मंगळवारचा फोटो. मी आणि बायको, शेजारी शेजारी. मुलीने हसा म्हणायच्या आधीच मी हसत होतो. काल तो फ्रेम करून लाटंबार्सेला तुमच्या घरी वहिनींकडे घेऊन गेलो. वहिनी आता कमी ऐकतात, पण डोळे चांगले आहेत. काजूच्या बिया वाळत घातलेल्या अंगणात त्यांनी फोटो मांडीवर घेतला, बराच वेळ पाहिला, मग काच काढायला लावली आणि नखाने माझ्या दातांवर घासून बघितलं.

“ह्येका काय लावलंस?”

“काय नाय, वैनी.”

त्यांनी पुन्हा घासलं. मग फोटो आत नेऊन तुमच्या फोटोशेजारी टेकवून ठेवला आणि मला आतूनच विचारलं, जेवून जातस ना. हळदीचं कालवण होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. लिहून झालं की टेबलाच्या खणात राहील. पण तुम्हाला खोटं लिहायची माझी छाती नाही, म्हणून एक सांगून थांबतो. अजून बाजारात कोणी सिगारेट पेटवली की माझी चाल मंदावते. मी त्याच्या मागे चार पावलं जातो, तो धूर नाकात घेतो, आणि मग रस्ता ओलांडतो.