दगडफुलाचा सूड

१२ नोव्हेंबर २००३. दौंड, स्टाफरूम.
आज अपमान झाला. तारीख विसरू नये म्हणून ही वही. आमच्याच केमिस्ट्रीच्या अयुब सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, बबनराव, तुमचा शेवटचा रिसर्च पेपर कवा आला होता? मी चहाला बाहेर गेलो.
जूनमध्ये डिपार्टमेंटचा हेड नेमणार. उमेदवार आम्ही दोघंच. सूड घेणार. शांत डोक्याने, शास्त्रीय पद्धतीने.

१५ नोव्हेंबर. वरवंड, घरी.
विषय सापडला. दगडफूल. मसाल्यात घालतात तेच. त्यातलं लेकॅनोरिक ॲसिड अँटिऑक्सिडंट म्हणून किती भारी, हे कॉम्प्युटरवर काढायचं. रेणूतला हायड्रोजन तोडायला जितकी कमी एनर्जी, तितका माल भारी. अयुब सर जन्मभर टेस्ट ट्यूब विसळत बसोत.
बायको, सिंधू, म्हणाली, मसाल्यात टाकायचं सोडून मशिनीत कशाला घालताय? दुर्लक्ष केलं.

२ डिसेंबर
लोडशेडिंग. कॅल्क्युलेशन सहाव्यांदा अर्ध्यात बंद. वायरमन अयुब सरांचा गाववाला आहे म्हणे. समजलं काय समजायचं ते. वायरमनचंही नाव लिहून ठेवलं.

९ जानेवारी २००४, सकाळी ११
उत्तर आलं. मायनस दोनशे एकतीस. म्हणजे हायड्रोजन तोडावाच लागत नाही, आपणहून निघतो, वर एनर्जी देऊन जातो. असला आकडा जगात कुणाला मिळाला नसेल. हेडची खुर्ची कुठल्या खिडकीजवळ ठेवायची ते ठरवलं.

१० जानेवारी
अयुब सरांना आकडा कळला. मीच सांगितला. म्हणाले, मायनस येणार न्हाई हो, हायड्रोजन दोनदा धरला असंल, कागद द्या, बघतो. जळतात. वर म्हणे, हे खरं असतं तर तुमच्या घरचं दगडफूल डब्यातच तापलं असतं.
संध्याकाळी घरी मसाल्याचा डबा हातात घेतला. कोमट.

१८ जानेवारी
आठ दिवस रोज संध्याकाळी डबा तपासला. रोज कोमट. म्हणजे प्रयोगानेही सिद्ध. कागद कुलपात.

२१ फेब्रुवारी. शिरूर, सेमिनार.
सकाळी: अयुब सरांसाठी पहिल्या रांगेत रुमाल टाकून जागा धरली. नीट दिसलं पाहिजे त्यांना. एसटीत शेजारी बसून पुन्हा म्हणत होते, अजून वेळ हाय, आकडे एकदा बघू. मी खिडकीबाहेर बघितलं.
दुपारी: मी आकडा मांडला. अध्यक्षांनी विचारलं, असं असेल तर घराघरांतला मसाला पेटत कसा नाही? मी म्हणालो, पेटत नाही, पण डबा कोमट असतो, मी रोज हात लावून बघितलाय. हॉल हसला. बराच वेळ हसला. एकटे अयुब सर हसले नाहीत. तेच जास्त लागलं.

२२ फेब्रुवारी
सिंधूला डब्याचं विचारलं. म्हणाली, गॅसच्या वरच्या फळीवर असतो, सैपाकाच्या वक्ताला कोमट न्हाई तर काय गार असंल? मला वाटलं, मी मसाला माहेरी पाठवते का ते बघताय.
कुलूप काढलं. कागद बघितले. हायड्रोजन दोनदा.

१ जून
अयुब सर हेड. पहिलीच ऑर्डर: कॉम्प्युटर रूमची किल्ली बबनरावांकडे. आकडे त्यांनीच माझ्याशेजारी बसून दुरुस्त केले. प्लस ब्याऐंशी. दगडफूल बऱ्यापैकी आहे म्हणे. पेपरवर माझं नाव आधी टाकलंय.
याचा सूड कसा घ्यायचा ते सुचत नाही.
सिंधूने डबा खालच्या कपाटात हलवलाय. आज हात लावून बघितला. गार.