डोंगरावरची दवंडी

बा, तू गेला तवा मी एवढासा होतो, म्हनून माह्यं काम तुले माईत नाई. मी अमरावतीले भोंग्याच्या दुकानात हाय. लग्न, सभा, कीर्तन, जिथून बोलावनं येईन तिथी आमी भोंगा बांधतो. मी तार जोडतो, बॅटरी पायतो. बोलत नाई. बोलाचं काम उस्तादाचं. शाळेत मास्तरनं उभं केलं का माह्या तोंडाले कुलूप लागे, तिथीच शाळा सुटली. "भोंग्याच्या दुकानात सेठनं मुका पोट्टा ठेवला," असं उस्ताद गिऱ्हाइकाले हासत सांगते.

गेल्या हप्त्यात सेठनं आमाले मेळघाटात धाडलं. देवीची लस टोचनारे वर जाऊन बसले होते, पन लोकं सुईले भेऊन रानात पांगले. त्याईले बोलवाले भोंगा पायजे होता. गाडी पायथ्याले थांबली, म्होरं उभा चढ. उस्तादानं भोंगा टोपीवानी डोक्यावर घातला, मशीन काखेत मारलं. बॅटरी माह्या पाठीवर. थे आडवी झाली का तेजाब सांडते, म्हनून चढावर मानूस वाकते तसं मले वाकताच येत नव्हतं. सागाच्या वाळल्या पानावरून पाय घसरे. एका जागी बांबूचं बेट धरून मी उभाच रायलो. खाली पायलं तं गाडी काडीपेटीएवढी. उस्ताद घोगऱ्या आवाजानं म्हने, "चाल रे मुक्या, बसाचं थे वर जाऊन बस." आदल्या दिवशी अकोल्याच्या सभेत बोंबलून त्याचा गळा बसला होता. "वरची हवा लागली का खुलते," असं थो अर्ध्या डोंगरापासून म्हनून राहिला होता.

वर मोहाच्या झाडाले भोंगा बांधला. उस्तादानं माईक धरला, आन फुटक्या भात्यावानी निस्ती हवा निघाली. परत केलं, परत हवा. नर्सबाई म्हने, "उद्या आमाले दुसरं गाव हाय. खालच्या वस्तीत देवी निंगाल्या, आन इथले लेकरं तसेच राह्यतीन का?" उस्तादानं माईक माह्या हातात कोंबला. "भोंग्यातून तोंड दिसत नाई बे. बोल."

बा, मी डोळे मिटले तं तू दिसला. चावडीच्या कोपऱ्यावर, गळ्यात डफडं. तुह्या दवंडीनं अख्खं गाव दाराशी ये, पन तू कोनाच्या वट्ट्यावर चढे नाई. निरोप सांगे आन खाली, दूर उभा राहे. मंग आपून बौद्ध झालो आन तू डफड्याचं कातडं फाडलं. त्याच्या कड्याची मायनं चाळनी केली, थे अजून घरात हाय. एक बार मी आंगनात परात वाजवून तुही नक्कल केली, तं तू मुस्काटात ठेवली. "हे तोंड आता आपलं हाय," तू म्हने. "दुसऱ्याचे हुकूम सांगाले नाई." तवापासून पोट्टा मुका झाला, असं माय म्हंते. मले तसं वाटत नाई. मी पयलेपासूनच भेकड.

पन आवाज निघाला, बा. पयले कापला, मंग सुटला. समोरच्या डोंगरावर आपटून वापस आला, तं माहा मलेच वळखू येईना. लेकरं घेऊन या म्हनलं, मांडीवर बसवूनच टोचतीन, मी बी टोचून घेतलं, हा पाहा माहा दंड. आन बाही वर करून भोंग्याले दंड दाखवला. उस्ताद पोट धरून हासला, पन हासाएवढाबी आवाज त्याच्यात नव्हता.

थोड्या वेळानं झाडीतून एक बाई निंगाली, कडेवर एक, हाताशी एक. तिच्या मांगं आनखी. दिवस बुडेलोक रांग तुटली नाई.

काम झालं आन मी का माईत काहून, गावच्या म्हाताऱ्याच्या वट्ट्याखाली जाऊन उभा रायलो. तू राहे तसाच, दूर. म्हाताऱ्यानं बाजेवर थाप मारली. "खाली काहून उभा? आमी तुह्या आवाजानं आलो. वर ये."

मी चढलो. त्याच्या शेजारी बसलो, त्याच्याच लोट्यानं पानी पेलो. उस्तादाले बाजेच्या पायथ्याशी जागा भेटली. उतरतानी मी सारी वाट बोलून राहिलो होतो, तं थो म्हने, "याचं बटन कुठी हाय रे बाप्पा?"

आता सभेत बी बोलाले मलेच उभं करनार, सेठनं सांगतलं. माय गल्लीत सांगत फिरून राहिली हाय.

हे तुले धाडाले पत्ता नाई, आन तुले वाचता बी येत नव्हतं. चाळनीखाली ठेवून देतो. एक मातर मायले बी नाई सांगतलं. माईक हातात आला तवा पयला शब्द माह्याजवळ नव्हताच. मी तुह्याच चालीत म्हनलं, ऐका हो ऐका.