दर वेळी नाही

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझ्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. इकडे सगळे बरे. पार्लरमध्ये नवी खुर्ची आलीय, पायाने दाबलं की वर-खाली होते. गिऱ्हाइकं तेवढ्यावरच खूश. ह्यांना दुपारची पाळी लागलीय, त्यामुळे आमची गाठ फक्त दारात पडते. बबडीही बरी आहे. नववीचा अभ्यास म्हणजे डोक्याला ताप, दुसरं काय.

ताई, इथवर लिहून पेन खाली ठेवलं होतं. बबडी बरी नाही.

बरेच दिवस ती घरातही लोकरीची टोपी घालून असायची. मी चिडवायचे, "काय गं, डोक्यावर अंडी उबवतेस का?" ती हसायची नाही. वेणीही घालू द्यायची नाही. मला वाटलं, वयच तसं. रविवारी दुपारी त्यावरूनच वाद झाला आणि रागाच्या भरात मी टोपी ओढली. कानामागे तळहाताएवढी जागा केसांवाचून उघडी, लालबुंद. दिवसभर परक्यांच्या केसांत हात घालते मी, आणि पोटच्या पोरीचं डोकं मला दिसलं नव्हतं.

"कुणी केलं हे?"

"मीच उपटते."

"दुखत नाही?"

"दुखतं. पण तेवढा वेळ डोकं गप्प बसतं."

मग हळूहळू बोलली. शाळेचं फाटक दिसलं की छाती धडधडते, हात गार पडतात. मधल्या सुट्टीत बाथरूमला कडी लावून बसते. आणि म्हणाली, "आई, सकाळी जाग येते ना, तेव्हा वाटतं, आलीच नसती तर बरं झालं असतं."

मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी परत घासायला लागले. आत जाऊन आणखी काय ऐकावं लागेल, ह्याचीच धास्ती. पण ती तिथे एकटी होती गं. गेले, आणि सरळ विचारलं, "तुला मरावंसं वाटतं का?"

ती कितीतरी वेळ चादरीचा दोरा ओढत राहिली. मग म्हणाली, "दर वेळी नाही."

रात्री सांगितल्यावर हे आधी म्हणाले, "चार दिवस शाळेत पाठवू नको, होईल ठीक." मी म्हटलं, "तुम्ही तिच्या तोंडून ऐकलं नाहीत." ते तिच्या खोलीत गेले. बाहेर आले ते डोळे पुसतच, आणि सकाळी रजा टाकून तेच आम्हाला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा आजार आहे, नाटक नाही. बरा होतो, पण सावकाश. सध्या तिला एकटं सोडू नका. स्पष्ट विचारलंत ते चांगलंच केलंत.

चांगलं केलं असेल, पण तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. बाथरूमची कडी ह्यांनी काढून टाकलीय. आतला पाण्याचा आवाज थांबला की मी हाक मारते, आणि तिची "ओ" येईपर्यंत दारापासून हलत नाही. काल सकाळी हे तिच्याजवळ होते म्हणून दुकान उघडलं, पण एका बाईंचे केस कापताना तीनदा घरी फोन लावला. त्यांची माफी मागून दुकान बंद केलं.

आज दुपारी बबडीने वरणभाताचे दोन घास खाल्ले आणि आपणहून विचारलं, "मावशी येईल का? पण तिला सांग, रडायचं नाही आणि समजवायचं नाही."

मी दिवसभर दोन्ही करते. म्हणून तू ये, ताई. लगेच ये.

तुझी, फार घाबरलेली,
धाकटी