वहिनी, तुझं कारण पुस्तकात सापडलं नाही

प्रिय वहिनी,

उद्या कॉलेजात मला 'माणूस गुन्हा का करतो' हे प्रकरण शिकवायचंय. टिपणं काढायला बसले आणि दुसऱ्याच ओळीला तू आठवलीस. तुला जाऊन सहा वर्षं झाली, तरी आधी तुझ्याशी बोलल्याशिवाय वर्गात उभं राहवणार नाही.

टी.वाय.ला असताना बुवापाड्याच्या आपल्या खोलीत मी मोठ्याने घोकत बसायचे. गरिबी, संगत, लहानपणीचे आघात... तू भाकऱ्या थापता थापता हसायचीस. "पुष्पा, एवढी कारणं? आमच्या गावाकडं एकच होतं बाई. डोकं फिरलं!"

आणि मग उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात तुझ्याच पिशवीत पँटच्या डझनभर चेनी सापडल्या. शेठने सगळ्या बायांसमोर पिशवी उलटी केली, तुला कामावरून काढलं.

काय करणार होतीस गं त्या चेनींचं? घरात शिलाई मशीनसुद्धा नव्हतं! गरिबी म्हणावी, तर दादाची नोकरी नीट चालली होती. संगत म्हणावी, तर तू डबासुद्धा एकटी खायचीस. मी परीक्षकासारखी विचारत राहिले. तू एवढंच म्हणालीस, "खरंच माहीत नाही. हात गेला."

एकदा 'चोर' म्हटलं की माणूस त्या शब्दातच कोंडला जातो, हेही मला पाठ होतं. परीक्षेत त्यावर पानंच्या पानं लिहून आले. आणि त्याच संध्याकाळी माझ्या कपाटाला कुलूप लावलं! तू पाहिलंस. "बरं केलंस," म्हणालीस. रागावली का नाहीस माझ्यावर?

नळावर बायका तुला बघून कळशा जवळ ओढायच्या, म्हणून तू तिथे जाणं सोडलंस. कावीळ झाली तरी दवाखान्यात गेली नाहीस, रांगेत कारखान्यातल्या बाया भेटतील म्हणून. तुझे पिवळे डोळे मला दिसत होते. हाताला धरून का नाही नेलं मी तुला? दादाने रिक्षात घातलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

तुझी बेबी आता दहा वर्षांची आहे. परवा शाळेतून रडतच आली. "आत्या, माझी आई चोर होती?" मी तिच्या हातात दुधाचा पेला दिला आणि विषय टाळला.

उद्या वर्गात तुझं नाव घेणार नाही. पण त्याआधी, सकाळी वेणी घालताना, बेबीला सगळं सांगेन. आईने काय केलं ते, आणि आत्याने काय केलं तेही. हे वचन तुला.

तुझी नणंद,
पुष्पा