वीसपैकी सतरा

आंजी (मोठी), ता. जि. वर्धा
रविवार, १८ जानेवारी २०२६

चि. आचल हिस,

आत्याचा आशीर्वाद. मोठ्यांनी तो द्यायचाच असतो, म्हणून देते. संक्रांत होऊन चार दिवस झाले. तिळगूळ पाठवला नाही आणि पाठवणारही नाही, कारण तो दिला की गोड बोलावं लागतं. इकडे थंडी बरी आहे. वर्ध्याला तुझ्या बाबांची कंबर पुन्हा धरली आहे, पण तुला सांगू नका असं वहिनीनं बजावलं आहे. जिनिंग जोरात चालू आहे. फाटकापासून पार रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्या लागतात.

तू चार वेळा फोन केलास, मी एकदाच उचलला. फोनवर तू भराभर बोलतेस आणि समोरच्याला गप्प करतेस, ही तुझी लहानपणची खोड आहे. शिवाय तूच आम्हा चौदा बायकांना शिकवून गेलीस, "लिहिलं नाही ते झालं नाही." तर घे, लिहिते आहे. अक्षर मोठं आहे आणि ओळी वरखाली गेल्या आहेत, त्याला हसू नकोस.

आधी तुझ्या प्रशिक्षणाबद्दल. डिसेंबरच्या सुरुवातीला तू नागपूरहून तुझ्या संस्थेची गाडी घेऊन आलीस. जिनिंगच्या शेडमध्ये हिरवं कापड टांगलं, त्यावर "कौशल्यातून शाश्वत कापूस". दोन दिवस पडद्यावर चित्रं दाखवलीस. केस टोपीत घाला, तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी खिशात नको, शेतकऱ्याला म्हणा कापूस खताच्या पोत्यात आणू नको, सुती धोतरात बांधून आण. पोत्याचा प्लास्टिकचा धागा कापसात मिसळला की रुईत जातो, रुईतून सुतात, सुतातून कापडात, आणि कापड रंगवलं की तो पांढराच्या पांढरा राहतो. मातीत गेला तर आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही पुरून उरतो. सगळं खरं होतं. पण मला ते तू शिकवावंस? तू दहा वर्षांची असताना दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे राहायला यायचीस. कापसाच्या ढिगावर तुला मांडीवर घेऊन मी सांगितलं होतं, डोळ्याच्या आधी बोटाला विचार, कापूस दबतो, धागा टोचतो. ते वाक्य तू तिथे माइकवर बोललीस आणि "आमच्या अभ्यासक्रमात असं आहे" म्हणालीस. मी पहिल्याच खुर्चीवर बसले होते.

बावीस वर्षं मी त्या पट्ट्याच्या शेवटी उभी आहे. पट्टा म्हणजे काय ते तुला माहीतच आहे, पण लिहायचं तर नीट लिहावं. कापूस पट्ट्यावरून सरकत जातो, दोन्ही बाजूंनी बायका कचरा वेचतात, आणि शेवटी एकच बाई उभी असते. तिच्यापुढे रेचे, सरकी वेगळी करणारी यंत्रं. तिच्या नजरेतून जे सुटलं ते थेट गाठीत. त्या जागेवर मालक मोतीलाल शेठनी स्वतः मला उभं केलं होतं, ते हयात असताना. आता त्यांचा मुलगा गजेंद्र सगळं बघतो. त्याला ढिगापेक्षा कागद जास्त कळतो, आणि कागद तू आणून दिलास.

दुसऱ्या दिवशीची ती परीक्षा. प्रत्येकीपुढे कापसाचा एक ढीग, त्यात वीस वस्तू लपवलेल्या, वीस मिनिटं. सोळा मिळाल्या तर पास. केस, पीस, सुतळी, पुडीचा तुकडा, लाल-निळे धागे मी पहिल्या पाच मिनिटांत काढून वाटीत टाकले. नऊ झाले. मग पांढरे राहिले. अकरा पांढरे धागे त्या पांढऱ्या ढिगात होते आणि मी पंधरा मिनिटं नुसता कापूस उलटापालटा करत बसले. बोटाला विचारलं. बोटं बावीस वर्षांत घट्टे पडून लाकडासारखी झाली आहेत, ती काय सांगणार? शेजारी भावना बसली होती. तिचे सोळा निघाले. तिनं माझ्या ढिगाकडे बघितलं आणि मान वळवली.

तू वाकून माझी वाटी मोजलीस. कागदावर लिहिलंस. मी बघितलं काय लिहिलंस ते. पांढऱ्या कागदावरचं निळं मला अजून दिसतं.

संध्याकाळी बसस्टॉपवर तू माझा हात धरून म्हणालीस, "आत्या, मी सतरा लिवले. कोणाले सांगू नको. तुयी जागा गेली तर तू काय करशीन?" मी काय केलं ते तुला आठवतं? तुला पोह्यांचा डबा दिला आणि बस आली.

आता तुला वाटेल आत्या याच्यासाठीच भांडते आहे, दया दाखवली म्हणून. हो, त्याचाही राग आहे. पण नुसता तेवढा असता तर मी गिळला असता. तुझ्या बाबांनी माझं शिक्षण दहावीला थांबवून तुझं एम.एस्सी.पर्यंत केलं, तेही गिळलंच की.

पुढचं ऐक. सर्टिफिकेट आलं. जाड कागद, सोनेरी कड, माझ्या नावापुढे "प्रमुख निवडणीकार". गजेंद्रनं ते काचेत लावून वजनकाट्याच्या खोलीत टांगलं. मी पुन्हा पट्ट्याच्या शेवटी, आणि माझ्या अलीकडे भावना. पंधरा दिवस सगळं ठीक चाललं. का चाललं ते मला माहीत होतं. भावना तिची जागा सोडून माझ्यापुढे हात घालायची आणि धागा उचलायची. एक शब्द बोलायची नाही. तासाला पाच-सात वेळा तरी. मला दिसायचा तो तिचा हात, धागा दिसायचाच नाही.

एके दिवशी चहाच्या सुट्टीत बायका हसल्या. कशाला हसल्या कोण जाणे, मला वाटलं मलाच. सुट्टी संपल्यावर भावनानं हात पुढे केला तसा मी तिच्या मनगटावर फटका मारला. सगळ्यांसमोर म्हणाले, "माह्या जागेवर हात नाई घालाचा. सोळावाली सतरावालीले शिकवून राह्यली का?"

तिनं हात मागे घेतला. त्यानंतर कधी घातला नाही.

हे मी आतापर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. लिहितानाही इथवर यायला तिसरं पान उजाडलं.

जानेवारीच्या सात तारखेला सूतगिरणीनं चाळीस गाठी परत पाठवल्या. सोबत फोटो. रंगवलेलं गडद निळं कापड आणि त्यात पांढऱ्या रेघाच रेघा. मला त्या फोटोत त्या रेघा स्पष्ट दिसल्या, आचल. निळ्यावर पांढरं मला दिसतं. सूतगिरणीनं विचारलं, कार्यवाही काय केली ते लेखी कळवा. तुझ्याच प्रशिक्षणात हा धडा होता ना, चूक झाली की कारण शोधा आणि कार्यवाही लिहा. गजेंद्रनं कारण तुझ्या कागदावर शोधलं. आम्हाला सगळ्यांना बोलावून म्हणाला, "शेवटी दोघीच राह्यतेत. जयवंताबाईचे सतरा, भावनाचे सोळा. मंग सांगा, कोनाची नजर कच्ची?" भावना म्हणाली, मी कशाला धागा सोडीन. तो म्हणाला, कागद खोटं बोलते का.

मग ती माझ्याकडे वळली. "मावशी, तुमी सांगा ना त्याईले."

मी पट्ट्याकडे बघत राहिले. पट्टा बंद होता.

तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. गजेंद्रनं सूतगिरणीला कळवलं, "जबाबदार कामगार कमी केला." त्याची प्रत तुमच्या संस्थेत आली असणार, कारण दुसऱ्याच दिवशी तुझा फोन आला, आणि तोच मी उचलला. मला वाटलं तू म्हणशील, आत्या, हे चुकलं. तू म्हणालीस, "आत्या, तू गप्प राह्य. दोन महिन्यात सीझन संपते. तिले दुसरीकडं लावून देईन मी." नोकरी म्हणजे काय गोणी आहे का, इथून उचलली आणि तिथं लावून दिली? भावना इथे आठ वर्षांपासून आहे. तिचा नवरा पवनारला रोजानं जातो, काम असलं तर. आता दुसऱ्या जिनिंगमध्ये तिला कोणी उभं करत नाही, कारण गाठी परत आल्याचं नाव तिच्यावर लागलं आहे. ही बातमी गाडीवाल्यांबरोबर गावोगाव जाते.

तू चांगल्या मनानं केलंस असं तू स्वतःला सांगत असशील. मीही तुझ्याबद्दल तसंच सांगत होते. पण खरं सांगू? तू माझ्यावर दया केली नाहीस. तुला तुझ्या पहिल्याच गावात, स्वतःच्या आत्याला नापास करायची लाज वाटली. चौदापैकी चौदा पास असा अहवाल पाठवायचा होता. आणि मला आनंद झाला होता. हो, सतरा वाचल्यावर मला आनंद झाला. त्या रात्री मी नीट झोपले. तुझ्यावरचा सगळा राग यातून आला आहे, कारण तू मला दिलंस ते मी घेतलं.

डोळ्यांचं कारण आता लिहिते. दिवाळीआधीच वर्ध्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. साखरेनं डोळ्याचा पडदा खराब झाला आहे, चष्म्यानं भागणार नाही. डोळ्यात सुई घेतली तर आहे तेवढं टिकेल, गेलेलं येणार नाही. मी घरी कोणाला बोलले नाही. तुला परीक्षेच्या दिवशी कळलं, त्याआधी मला कळलं होतं. म्हणजे मी परीक्षेला बसले तेव्हाच खोटी होते. तू फक्त त्यावर सही केलीस.

काल शनिवारी मी भावनाच्या घरी गेले. ती दारात तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल नाहीतर शिव्या देईल. सुपावरून मान वर न करता म्हणाली, "मले मालूम होतं, मावशी. म्हनून तर हात घालत होती." आत या म्हणाली नाही. मी परत फिरले. या गावात माझ्या इतक्या वर्षांत मला दारातून परत पाठवणारी ती पहिली.

तिथून सरळ जिनिंगमध्ये गेले. तू जाताना लाल पुठ्ठ्याची एक वही देऊन गेली होतीस, "चूक-वही". ज्याची चूक त्यानं स्वतः लिहायची, लिहिणाऱ्याला शिक्षा नाही, आणि महिन्याच्या चौथ्या शनिवारी सगळ्यांपुढे वाचायची. डिसेंबरात गजेंद्रनं "एकही नोंद नाही" असं वाचून दाखवलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. वही खिळ्याला टांगलेली आहे, वर रुईचा थर बसला आहे. मी तो झटकला आणि पहिल्या पानावर लिहिलं. तुला जसंच्या तसं कळवते.

"परत आलेल्या चाळीस गाठींतला धागा पट्ट्याच्या शेवटच्या जागेवरून गेला. ती जागा माझी. मला पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. भावना माझ्यापुढचे धागे काढत होती, मी तिला मारून थांबवलं. तिची चूक नाही. जयवंता."

खाली दोन ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत. त्या तुझ्या आहेत. माझ्या नोंदीला गजेंद्र मानणार नाही, म्हणेल बाई म्हातारी झाली, भावनाची दया येऊन लिहिते, कागदावर तर सतरा आहेत. ते सतरा खोडायचा हक्क ज्यानं लिहिले त्यालाच. शनिवारी, चोवीस तारखेला वाचन आहे. नागपूरहून सकाळच्या गाडीनं वर्ध्याला उतरलीस तर दहाच्या एस.टी.नं आंजीला पोचतेस. तुझी नोकरी जाऊ शकते, हे मला कळतं. बाबांना काय वाटेल तेही कळतं. तुझ्या त्या नियमात "लिहिणाऱ्याला शिक्षा नाही" असं आहे, तो नियम तुमच्या संस्थेला तरी लागू आहे का, ते या निमित्तानं कळेल.

नाही आलीस तर त्या दोन ओळी मी भरीन, माझ्या अक्षरात, आणि तुझं नाव पूर्ण लिहीन, वडिलांच्या नावासकट. तू माझ्या मांडीवर धागा ओळखायला शिकलीस म्हणून सोडणार नाही.

काचेतलं सर्टिफिकेट मी काढून आणलं आहे. पत्रासोबत घडी करून पाठवते, सोनेरी कड जरा मोडली आहे. पट्ट्याच्या शेवटी मी उद्यापासून उभी राहणार नाही, पोत्यांच्या तोंडाची शिवण उसवायला बसेन. तिचे दोरे रंगीत असतात, मला दिसतात.

वहिनीला सांगू नकोस की बाबांच्या कंबरेचं मी कळवलं.

तुझी आत्या,
जयवंता
(वीसपैकी नऊ)